चाचणी संकर करून जनुकप्रकार कसा ठरवायचा

वाटाण्याचं उंच झाड कितीही निरखून पाहिलं तरी त्याच्या उंचीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती उंचपणाच्या आहेत, की एक उंचपणाची आणि दुसरी बुटकेपणाची, हे कळत नाही. प्रभावी अ‍ॅलील एक असो की दोन, झाड सारखंच उंच वाढतं (अ‍ॅलील म्हणजे जनुकाची एक आवृत्ती; प्रभावी म्हणजे एकटी असली तरी दिसणारी, अप्रभावी म्हणजे तिच्यापुढे लपणारी). ही लपलेली प्रत आहे की नाही हे शोधायचा जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग म्हणजे चाचणी संकर: ज्याच्याबद्दल शंका आहे त्या झाडाचा किंवा प्राण्याचा संकर त्या गुणाचं अप्रभावी रूप दाखवणाऱ्या जोडीदाराशी करायचा आणि संतती मोजायची. या जोडीदाराला टेस्टर म्हणतात.

टेस्टर अप्रभावीच का लागतो? त्याच्याकडे दोन्ही प्रती अप्रभावी असतात, म्हणून त्याच्या प्रत्येक युग्मकातून (लिंगपेशीतून) अप्रभावी अ‍ॅलीलच जातं. ते काहीच झाकत नाही. त्यामुळे संततीत जे रूप दिसतं ते समोरच्या पालकाच्या युग्मकात काय होतं तेच सांगतं.

खुणांबद्दल एक खुलासा. पुस्तकांत प्रभावी अ‍ॅलीलला मोठं रोमन अक्षर आणि अप्रभावीला त्याचंच लहान अक्षर देतात. देवनागरीत मोठं-लहान नसल्यामुळे इथे गुणांची आद्याक्षरं वापरली आहेत. उंच उ, बुटका बु. गोल बी गो, सुरकुतलेली सु. पिवळी पि, हिरवी हि. उंच झाड उउ (समयुग्मजी, दोन्ही प्रती सारख्या) असेल किंवा उबु (विषमयुग्मजी, दोन प्रती वेगळ्या). बुटकं झाड मात्र नेहमी बुबुच.

उउ × बुबु केल्यावर सगळी संतती उबु, म्हणजे सगळी उंच. उबु × बुबु केल्यावर निम्मी उबु, निम्मी बुबु. आराखडा एवढाच आहे. यातली मेख अशी, की दोन निकालांचं वजन सारखं नाही. खरोखर संकरातून आलेलं एक जरी बुटकं रोप उगवलं तर उंच पालकाकडे बु आहे हे सिद्ध झालं. बुटकं रोप एकही उगवलं नाही तर मात्र सिद्ध काहीच होत नाही, बु नसण्याची शक्यता फक्त वाढते. पुढची सगळी काळजी या असमानतेतून येते: ‘एकही नाही’ म्हणायला पुरेशी संतती हवी, आणि ‘एक सापडलं’ म्हणायला ते एक खोटं नाही याची खात्री हवी.

टेस्टर निवडताना

बुटकं दिसलं म्हणून ते टेस्टर झालं, असं होत नाही. तोच गुण दोन वेगवेगळ्या जनुकांमुळे बिघडलेला असू शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांना गोड वाटाण्याच्या (स्वीट पी या शोभेच्या वेलीच्या) दोन पांढऱ्या फुलांच्या वाणांच्या संकरातून सगळी जांभळी फुलं मिळाली. रंग तयार व्हायला दोन जनुकांचं काम लागतं. एका वाणात एक बंद होतं, दुसऱ्यात दुसरं. असा चुकीच्या जनुकाचा टेस्टर वापरला तर तुमचं झाड विषमयुग्मजी असूनही संततीत अप्रभावी रूप दिसणार नाही आणि तुम्ही त्याला निर्धास्तपणे समयुग्मजी ठरवाल. म्हणून टेस्टर कुठून आला हे माहीत हवं. सर्वांत चांगला टेस्टर म्हणजे शंकेतल्या झाडाच्या वंशावळीतलाच अप्रभावी पालक किंवा भावंड. तसा नसेल तर आधी टेस्टरचा संकर त्या वंशातल्या अप्रभावी झाडाशी करून पाहा. संतती सगळी अप्रभावी आली तर जनुक एकच.

दुसरं, टेस्टरचं अप्रभावी रूप परिस्थितीमुळे आलेलं नसावं. कोरड्या, निकस मातीत उंच वाणही खुरटतो. टेस्टरच्या स्वपरागीभवनातून एक पिढी काढून ती सगळी बुटकीच येते का, हे एकदा तपासलेलं बरं.

ज्या गुणांत अपूर्ण प्रभाव असतो (गुलबक्षीत लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी फूल येतं) तिथे चाचणी संकराची गरजच नाही. विषमयुग्मजी झाड रंगावरूनच ओळखू येतं.

किती संतती पुरे

झाड विषमयुग्मजी असेल तर प्रत्येक संतती प्रभावी दिसण्याची शक्यता १/२. म्हणजे ५ रोपं सगळी उंच येण्याची शक्यता ३२ मध्ये १, सुमारे ३.१ टक्के. ७ रोपांना १२८ मध्ये १, म्हणजे ०.८ टक्के. १० रोपांना १,०२४ मध्ये १, म्हणजे ०.१ टक्के. नेहमीच्या कामाला ७ हा किमान आकडा धरावा. १० मिळत असतील तर ७ वर थांबू नये. हे आकडे मोजलेल्या रोपांचे आहेत, पेरलेल्या बियांचे नाहीत. काही बिया उगवत नाहीत, म्हणून दीडपट पेरा.

झाड कुठून आलं यावरही निष्कर्ष थोडा सरकतो. दुसऱ्या पिढीतून (शुद्ध उंच × बुटकं या संकराची संतती म्हणजे पहिली पिढी, तिच्या स्वपरागातून आलेली दुसरी) उचललेलं उंच झाड असेल तर ते उबु असण्याची शक्यता सुरुवातीलाच दोन तृतीयांश असते. अशा झाडाची ७ संतती सगळी उंच आली तर ते तरीही उबु असण्याची शक्यता १३० मध्ये २, म्हणजे सुमारे दीड टक्का उरते, ०.८ नव्हे. १० संततीनंतर ती ०.२ टक्क्यांवर येते.

संकर न करता नुसतं स्वपरागीभवन होऊ देऊनही हेच शोधता येतं. वाटाण्यात ते आपोआपच होतं. पण तिथे विषमयुग्मजी झाडाची प्रत्येक संतती प्रभावी दिसण्याची शक्यता ३/४ असते, त्यामुळे संतती जास्त लागते. ५ टक्क्यांच्या खाली चूक आणायला ११, १ टक्क्याच्या खाली आणायला १७. आनुवंशशास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलनं झाडाच्या गुणांसाठी दुसऱ्या पिढीतल्या प्रत्येक झाडाची १० संतती तपासली होती. १० ला चूक ५.६ टक्के राहते, म्हणजे शंभरातली पाच-सहा विषमयुग्मजी झाडं शुद्ध म्हणून मोजली जायला हवी होती, आणि त्याच्या गुणोत्तरात ती चूक दिसत नाही, हे १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं दाखवून दिलं. तो वाद वेगळा. आपल्यापुरता धडा असा, की संकराचे कष्ट घेतले तर ७ मध्ये जे कळतं, त्याला आळसात १७ लागतात.

आई कोणाला करायचं

बहुतेक सूचनांमध्ये हा मुद्दा येतच नाही, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. वाटाण्यात पुंकेसर काढायला उशीर झाला तर मादी फूल स्वतःच्याच परागानं फळतं. मादी म्हणून टेस्टर वापरला असेल तर अशा चुकीच्या बियांतून बुटकीच रोपं येतात, आणि ती हुबेहूब ‘झाड विषमयुग्मजी आहे’ या निकालासारखी दिसतात. शुद्ध उउ झाडावर खोटा आळ येतो.

उलट शंकेतलं झाड मादी ठेवलं तर? ते उउ असेल तर स्वतःच्या परागानं किंवा टेस्टरच्या परागानं, कशानंही बुटकं रोप येऊच शकत नाही. बुटकं आलं म्हणजे बु आहेच. चूक झाली तर एवढीच, की काही बिया स्वपरागाच्या असतात आणि त्यांत बुटकं रोप सापडण्याची शक्यता १/२ ऐवजी १/४ होते. म्हणून प्रश्न फक्त ‘बु आहे की नाही’ एवढाच असेल तर शंकेतलं झाडच मादी ठेवा आणि दोन-चार बिया जास्त मोजा. गुणोत्तर अचूक हवं असेल तेव्हा मात्र टेस्टर मादी आणि सोबत आणखी एक खूण-गुण ठेवावा: टेस्टर पांढऱ्या फुलाचा आणि शंकेतलं झाड शुद्ध जांभळ्या फुलाचं असेल तर खरी संकरित रोपं सगळी जांभळी येतात. पांढरं आलेलं प्रत्येक रोप स्वपरागाचं समजून बाजूला काढायचं.

वाटाण्यावर प्रत्यक्ष संकर

टोकदार चिमटा, भिंग, ७० टक्के अल्कोहोल, कापूस, पातळ कागदाच्या किंवा कापडाच्या छोट्या पिशव्या, दोरा आणि पेन्सिलनं लिहिता येईल अशी लेबलं एवढं हाताशी ठेवा. पेनची शाई एका पावसात जाते.

कळी निवडणं हेच खरं कसब. वाटाण्याचे परागकोष फूल उमलायच्या आदल्या दिवशीच, बंद कळीत फुटतात. म्हणून उमललेलं फूल मादी म्हणून निरुपयोगी. पाकळ्या हिरव्या निदलांच्या बाहेर जेमतेम डोकावताहेत अशी कळी घ्या. एक जादा कळी उघडून बघा: परागकोष हिरवट-पिवळे, घट्ट आणि कोरडे असतील तर वेळ बरोबर आहे, बोटाला पिवळी पूड लागली तर त्याहून लहान कळी शोधा. त्याच देठावरची बाकीची फुलं आणि मोठ्या कळ्या खुडून टाका.

कळी दोन बोटांत हलकेच धरून वरची मोठी पाकळी आणि बाजूच्या दोन मागे वळवा. मधल्या, नावेच्या आकाराच्या जोडपाकळीला चिमट्यानं कडेला चीर द्या. आत १० पुंकेसर दिसतील. ९ तळाशी एकमेकांना चिकटलेले, १० वा सुटा. तो सुटाच नेमका राहून जातो, म्हणून काढताना मोजा. तंतूला धरून ओढा. परागकोष चिमटला तर तो फुटतो. शेवटी भिंगातून कुक्षी पाहा. तिच्यावर पिवळा कण दिसला तर ते फूल टाकून द्या, धुऊन-पुसून वापरू नका.

पराग टेस्टरच्या त्याच दिवशी उमललेल्या फुलातून घ्यायचा. त्या फुलाची नावेसारखी पाकळी मागे दाबली की कुक्षीवृंताचं केसाळ टोक परागानं माखून बाहेर येतं. तेच तोडून कुंचल्यासारखं मादी फुलाच्या कुक्षीवर दोन-तीनदा फिरवा. पुंकेसर काढल्यावर लगेच किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हे करता येतं. लगेच केलेलं सोपं, कारण कळी दुसऱ्यांदा उघडताना मोडते. पाकळ्या पूर्ववत मिटवा, पिशवी बांधा, लेबलवर आधी मादीचा, मग नराचा क्रमांक आणि तारीख लिहा. एका झाडानंतर दुसऱ्याकडे जाताना चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवा आणि पूर्ण वाळू द्या. ओला चिमटा कुक्षी जाळतो.

एका शेंगेत साधारण ४ ते ८ दाणे मिळतात, आणि सुरुवातीला निम्मी फुलं गळतील असं धरा. १० रोपांसाठी ६ फुलांवर काम करावं. आणखी २ फुलांचे पुंकेसर काढा, पण पराग लावू नका. नुसती पिशवी बांधा. त्यांना शेंग धरली तर तुमच्या हातून पराग निसटतोय, आणि त्या दिवसाच्या बाकीच्या शेंगाही संशयास्पद आहेत.

गुण कधी वाचायचा

दाण्याचा गोलपणा आणि आतल्या डाळिंबीचा पिवळा-हिरवा रंग हे गर्भाचे गुण; ते संकर केलेल्या शेंगेतच, त्याच हंगामात दिसतात. उंची आणि फुलाचा रंग पाहायला दाणे पेरावे लागतात. शेंगेचा रंग, शेंगेचा आकार आणि दाण्याच्या सालीचा रंग हे आईच्या पेशींचे गुण आहेत. संकराच्या शेंगेवर ते पाहून निष्कर्ष काढला तर तुम्ही आईचं रूप आईलाच परत सांगताय. त्यांच्यासाठी त्या दाण्यांची झाडं वाढवून त्यांच्या शेंगा पाहा.

सुरकुत्या फक्त पूर्ण वाळलेल्या दाण्यात मोजा, ओले दाणे सगळेच गोल दिसतात. अपक्व पिवळा दाणा हिरवा दिसतो, आणि हिरवा दाणा उन्हात राहिला की फिकटून पिवळसर होतो. शंका आली तर साल खरवडून डाळिंबी बघा. उंची मोजताना रोपं एकाच उजेडात वाढवा, कारण अंधाऱ्या कोपऱ्यातलं बुटकं रोपही लांबुळकं होतं. नुसती उंची न पाहता दोन पेरांमधलं अंतर पाहिलं तर फरक लवकर कळतो. फुलाच्या रंगासाठी तर फुलापर्यंत थांबायचंही कारण नाही: जांभळ्या फुलांच्या झाडाला पानाच्या बेचक्यात लालसर-जांभळा डाग येतो, पांढऱ्याला येत नाही.

दोन गुण एकत्र

गोल-पिवळ्या दाण्याचं झाड चार प्रकारचं असू शकतं. सुसु हिहि या टेस्टरशी संकर केला की गोगो पिपि झाडापासून सगळे गोल-पिवळे येतात. गोगो पिहि पासून गोल-पिवळे आणि गोल-हिरवे निम्मे-निम्मे. गोसु पिपि पासून गोल-पिवळे आणि सुरकुतलेले-पिवळे निम्मे-निम्मे. गोसु पिहि पासून चारही प्रकार सारख्या प्रमाणात. वाचायची सोपी रीत अशी, की दोन्ही गुण वेगवेगळे मोजा. आधी फक्त गोल-सुरकुतलेले, मग फक्त पिवळे-हिरवे. प्रत्येकाचा निर्णय एका गुणासारखाच होतो आणि ८ संततीत दोन्हींपैकी काही सुटण्याची शक्यता १ टक्क्याच्या खाली राहते.

मेंडेलनं १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात हा संकर आहे. पहिल्या पिढीच्या झाडाचा सुरकुतलेल्या-हिरव्याशी संकर करून त्याला ३१ गोल-पिवळे, २६ गोल-हिरवे, २७ सुरकुतलेले-पिवळे आणि २६ सुरकुतलेले-हिरवे दाणे मिळाले. एकूण ११०, म्हणजे प्रत्येकी २७.५ अपेक्षित. मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांपासून निव्वळ योगायोगानं इतके हटू शकतात का, हे काय-स्क्वेअर या आकड्यावरून ठरवतात. तो काढायला प्रत्येक गटातील फरकाचा वर्ग अपेक्षित आकड्यानं भागून बेरीज करायची: १२.२५, २.२५, ०.२५ आणि २.२५ यांची बेरीज १७. १७ भागिले २७.५ म्हणजे ०.६२. चार गटांसाठी ५ टक्के पातळीची मर्यादा ७.८२; आकडा तिच्या खाली असेल तर फरक योगायोगाचा धरता येतो. गुणोत्तर १:१:१:१ मानायला हरकत नाही.

चारही प्रकार आले पण दोन खूप आणि दोन थोडे, असं झालं तर जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. ड्रोसोफिला माशीतलं पुस्तकी उदाहरण: करड्या अंगाची, सामान्य पंखांची विषमयुग्मजी मादी आणि काळ्या अंगाचा, खुरट्या पंखांचा नर. संतती करडी-सामान्य ९६५, काळी-खुरटी ९४४, करडी-खुरटी २०६, काळी-सामान्य १८५. कमी संख्येचे दोन गट मिळून ३९१, एकूण २,३००. ३९१ भागिले २,३०० म्हणजे १७ टक्के पुनर्संयोजन (पालकांत नसलेल्या नव्या जोड्या). इथे विषमयुग्मजी मादीच हवी. ड्रोसोफिलाच्या नरात क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल करणं) होतच नाही, त्यामुळे विषमयुग्मजी नर वापरला तर फक्त दोनच गट येतात आणि जनुकांमधलं अंतर शून्य असल्याचा भास होतो.

मादी कुमारी असणंही तितकंच महत्त्वाचं, कारण ती आधीच्या समागमाचे शुक्राणू साठवून ठेवते. २५ अंश सेल्सिअसला बाटली रिकामी केल्यापासून ८ तासांच्या आत कोशातून बाहेर पडलेल्या माद्या उचला. पालक माश्या सातव्या दिवशी काढून टाका आणि अठराव्या दिवसानंतर मोजणी थांबवा. पुढे नातवंडं मिसळू लागतात.

गुणोत्तर बिघडलं तर

१०० संततीत ५८ उंच, ४२ बुटकी आली तर घाबरायचं कारण नाही: ८ चा वर्ग ६४, भागिले ५०, दोन गटांचे मिळून २.५६, मर्यादा ३.८४. पण ५० मध्ये ३४ आणि १६ आले तर बेरीज ६.४८ होते. १:१ बसत नाही. आता तोच आकडा ३:१ शी ताडून पाहा: अपेक्षित ३७.५ आणि १२.५, काय-स्क्वेअर १.३१. छान बसतो. शंकेतलं झाड मादी होतं का? मग पुंकेसर काढायच्या आधीच स्वपराग झाला होता. झाड विषमयुग्मजी आहे हा निष्कर्ष टिकतो, संकर मात्र पुन्हा करावा लागेल.

४० मध्ये १ बुटकं आलं तर ते विषमयुग्मजी पालकाचं लक्षण नाही. तिथे २० च्या आसपास यायला हवीत. टेस्टर मादी असेल तर ते स्वपरागाचं असणार. शंकेतलं झाड मादी असेल तर बियांची सरमिसळ किंवा खुरटलेलं रोप शोधा. अप्रभावी रोपं सातत्यानं निम्म्याहून कमी, तर उगवण मोजा. अनेकदा ती उगवतानाच मरतात. चार गटांऐवजी १:३ आलं (एक रंगीत, तीन पांढरी) तर गुण एक आणि जनुकं दोन आहेत, गोड वाटाण्यासारखी.

टेस्टरच नसेल तेव्हा

जनावरांतल्या काही अप्रभावी दोषांत समयुग्मजी पिल्लू जगतच नाही, म्हणजे टेस्टर मिळायचा प्रश्नच नाही. मग नराचा संकर वाहक (दोषाची एक लपलेली प्रत असलेल्या) असल्याचं सिद्ध झालेल्या माद्यांशी करतात. तो वाहक असेल तर प्रत्येक पिल्लू निरोगी असण्याची शक्यता ३/४, म्हणून पुन्हा ११ आणि १७ हेच आकडे. वाहक माद्याही नसतील तर त्याच्या स्वतःच्याच लेकींशी संकर करण्याची पद्धत आहे: लेकींतल्या निम्म्याच वाहक असणार, म्हणून प्रत्येक लेकीच्या एका पिल्लात दोष दिसण्याची शक्यता १/८, आणि चूक ५ टक्क्यांच्या खाली आणायला २३ लेकींची २३ पिल्लं, १ टक्क्याच्या खाली आणायला ३५. त्या जनुकाची डीएनए तपासणी उपलब्ध असेल तर इथे तीच शहाणपणाची.

नोंदवहीत निकाल लिहिताना ‘उबु’ बेधडक लिहा, पण सोबत ‘१० पैकी ४ बुटकी’ हे आकडेही द्या. ‘उउ’ मात्र एकटं कधीच लिहू नका. ‘उउ, १० पैकी ० बुटकी, मादी म्हणून वापरलं, परागाविना ठेवलेल्या २ फुलांना शेंग नाही’ असं पूर्ण लिहा.